सहा इंचांची खूण

भालकीकर सरांवर काहीतरी लिहा, असं मला आजवर तीनदा सांगण्यात आलं. एकदा ते निवृत्त झाले तेव्हा, एकदा ते गेले तेव्हा, आणि एकदा आमच्या इथल्या मराठी मंडळींनी स्मरणिका काढली तेव्हा. तिन्ही वेळा मी डोळ्यांचं कारण पुढे केलं. पहिल्या वेळी तर माझे डोळे अगदी ठणठणीत होते. आता ते खरोखरच अधू झालेत आणि मी भिंग घेऊन लिहायला बसलो आहे.

सरांची मुलगी अनघा मराठी छान बोलते, पण वाचताना अडखळते. म्हणून तर मी हे मराठीत लिहीत नाही ना, अशी शंका मला काल दिवसभर येत होती. तिला हे कुणीतरी वाचून दाखवावं अशी माझी इच्छा आहे, आणि दाखवू नये अशीही आहे. दोन्ही खरं आहे.

शहराबाहेरच्या एका कृषी संशोधन संस्थेत सर मृदाशास्त्रज्ञ होते. मी त्यांचा तांत्रिक सहायक. अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होतो. मी नल्लकुंट्याचा, ते अंबरपेठचे. संस्थेची बस तारनाक्याहून सुटायची. सर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचे, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत डबा, आणि डब्याच्या शेजारी हमखास कुठली तरी माती. बुटके, काळेसावळे, कानांवर केसांचे झुपके. वडील निजामाच्या राज्यात गिर्दावर, म्हणजे महसूल खात्यातले अधिकारी होते, त्यामुळे सरांची उर्दू उत्तम. तेलुगू मात्र बायकोमुळे सुधारली, असं ते म्हणायचे. काकू मूळच्या नांदेडच्या, पण भाजीवालीशी घासाघीस करून करून तेलुगूत तरबेज झालेल्या.

मजूर त्यांना ‘मट्टीवाले साब’ म्हणायचे, कारण ते कुठेही गेले की माती उचलायचे. लग्नाला गेले तरी मांडवामागच्या शेतात उतरायचे, चिमूटभर माती तळहातावर घ्यायचे, दोन थेंब पाणी टाकून अंगठ्याने तिची पट्टी लांबवायचे. पट्टी किती लांब जाते यावरून तिच्यात चिकण किती ते सांगायचे. मग वास घ्यायचे. रुमालात बांधून घरी आणायचे आणि बरणीत भरून चिठ्ठी लावायचे. स्वयंपाकघरातल्या दोन फळ्या त्या बरण्यांनी अडवलेल्या होत्या. काकू म्हणायच्या, “आमच्या घरात साखर संपती, तेल संपतं, माती काही संपत नाही बघा.”

एका दिवाळीत काकूंची धाकटी बहीण पुण्याहून आली. तिने उंबरठा सारवायला गेरू शोधला. फळीवर लाल मातीची बरणी दिसली, तीच भिजवली. वर छान ठिपक्यांची रांगोळी काढली. सर संध्याकाळी आले, दारातच थांबले आणि वाकून उंबरठ्याकडे बघत राहिले. काकूंच्या लक्षात आलं, त्या आतून म्हणाल्या, “आता पाहुण्यांसमोर काही बोलू नका.”  चार दिवसांनी पाहुणी गेल्यावर सरांनी बोथट सुरीने उंबरठा खरवडला, माती बरणीत परत भरली आणि जुन्या चिठ्ठीखाली लिहिलं, ‘उंबरठ्यावरून परत. विश्लेषणास अयोग्य.’ ती बरणी मी स्वतः पाहिली आहे. अयोग्य होती तर ठेवली कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, “फेकून दिली तर पुन्हा कुणी विचारलं की ही माती कुठं गेली, तर काय सांगू?”

कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एक ठरलेलं उत्तर होतं. “तीन पिकं जाऊ दे.” नवा संचालक कसा वाटतो? तीन पिकं जाऊ दे. बाजार खुला झाला, आता देशाचं भलं होईल का? तीन पिकं जाऊ दे. माझ्या मेहुणीसाठी एक स्थळ आलं होतं, मुलगा त्यांच्या ओळखीचा होता, तेव्हाही ते हेच म्हणाले. माझी बायको चिडली. “मुलगी काय ज्वारी आहे का?” सर मनापासून हसले आणि म्हणाले, “नाही हो. मुलाबद्दल बोलायलो मी.”

त्या काळात सगळ्यांनाच घाई झाली होती. नल्लकुंट्याच्या गच्च्यांवर छत्र्या उगवत होत्या, टीव्हीवर नवनवी चॅनेलं, बेगमपेठेत बियाण्यांच्या खाजगी कंपन्यांची काचेची ऑफिसं. आमच्या बसमध्येही कोण कुठल्या कंपनीत गेला, किती मोठ्या टेबलामागे बसतो, हीच चर्चा. सर खिडकीबाहेर बघत बसायचे. रस्त्यासाठी कुठे खोदलं असलं की बाजूच्या कडेला मातीचे थर दिसतात, ते बघायचे.

त्यांचा मुख्य प्रयोग एका शेतात चालला होता. चोवीस प्लॉट. त्यातल्या बारामध्ये सगळे करतात तशी शेती: खोल नांगरट, एकच पीक, कापणीनंतर शेत साफ. उरलेल्या बारामध्ये सरांची पद्धत: ज्वारीत तुरीचं आंतरपीक, नांगरट कमीत कमी, धसकटं आणि कडबा शेतातच कुजू द्यायचा. दोन्ही प्रकारचे प्लॉट सोडत काढून एकमेकांत मिसळलेले. दर वर्षी मे महिन्यात मातीचे नमुने घ्यायचे आणि तिच्यातला सेंद्रिय कर्ब वाढतोय का ते मोजायचं. कर्ब म्हणजे जमिनीत कुजून मिसळलेला जीवच म्हणा. तो टिकला तर जमीन टिकते. वाढतो मात्र इतका हळू की दहा-पंधरा वर्षं थांबल्याशिवाय छातीठोकपणे काही सांगता येत नाही.

एकदा शंकरपल्लीकडचे काही शेतकरी प्रयोग बघायला आले. त्यांच्यातल्या एका वयस्क रेड्डींनी विचारलं, “साब, जमीन में क्या डालना?”

“कुछ बी नक्को डालो,” सर म्हणाले. “जो पड़ा है वो नक्को उठाओ.”

“कडबी बी नक्को उठाओ?”

“हौ.”

“फिर भैंसां क्या खाते साब? आपके कागजां?”

सगळे हसले, सरही हसले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नवं टिपण दिलं: पुढच्या हंगामापासून आमच्या प्लॉटमधला निम्मा कडबा उचलायचा. मी म्हटलं, “सर, याने कर्ब आणखी हळू वाढेल.” ते म्हणाले, “हळू वाढू दे. म्हशीला उपाशी ठेवून वाढलेला कर्ब काय करायचाय?”

नमुने घेण्याबाबत मात्र ते भयंकर काटेकोर होते. लोखंडी गिरमिट जमिनीत फिरवून माती काढायची. सहा इंचांवर त्यांनी अनघाच्या लाल नेलपॉलिशने खूण केली होती. प्रत्येक प्लॉटमध्ये सहा भोकं, प्रत्येक भोक खुणेपर्यंत. कारण वरच्या थरात पालापाचोळा कुजलेला असतो, तिथे कर्ब जास्त. खाली जावं तसा कमी. अर्ध्यावर थांबलं तर आकडा फुगतो.

दुसरा नियम त्याहून कडक. प्लॉट जमिनीवर ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने घ्यायचे. आधी एका पद्धतीचे सगळे, मग दुसऱ्या पद्धतीचे, असं चालणार नाही. मी नवा असताना कारण विचारलं होतं. ते म्हणाले, “अरे प्रभाकर, सकाळी माणूस ताजा असतो. दुपारी हात थकतो, भोक उथळ जातं. थकलेला हात दोघांच्याही वाट्याला सारखा यायला पाहिजे.”

हे मी इतकं सविस्तर लिहितोय, कारण पुढे जे झालं ते यातच आहे.

त्या वर्षी मे महिन्यात काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. सरांनी दोन दिवसांची रजा घेतली. मे महिन्यात रजा, हे अकरा वर्षांत पहिल्यांदाच. जाताना म्हणाले, “तू आहेस, म्हणून जायलोय.” मी आणि मजूर मल्लय्या असे दोघं नमुन्यांना निघालो. काम दोन दिवसांचं. पिशव्यांवर चिठ्ठ्या आधीच लावून झाल्या होत्या आणि पिशव्या शेतीच्या पद्धतीनुसार दोन ढिगांत ठेवल्या होत्या. त्या उलगडून क्रमाने लावायचा मला कंटाळा आला. पहिल्या दिवशी मी एक ढीग उचलला. तो नेहमीच्या शेतीच्या प्लॉटचा निघाला. ते बारा प्लॉट आम्ही व्यवस्थित, खुणेपर्यंत घेतले. ती जमीन दगडासारखी झालेली. माझ्या तळहातांना फोड आले.

दुसऱ्या दिवशी सरांचे बारा. आणि त्याच दुपारी बेगमपेठेत एका बियाणे कंपनीत माझी मुलाखत होती. सरांना मी सांगितलं नव्हतं. घरी जाऊन, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर पोचायचं तर अकराच्या आत उरकणं भाग होतं. दोन-तीन प्लॉट झाले आणि मी मल्लय्याला म्हटलं, “बस, आधे पे रुक.”

“निशान तक नक्को?”

“नक्को. टैम नहीं.”

“बड़े साब देखे तो?”

“नहीं देखते.”

मल्लय्या गिरमिट हातात धरून उभा राहिला. “मट्टी तो नरम है साब इधर. दो मिनट में जाती.”

खरं होतं ते. सरांच्या प्लॉटमधली माती नरम होती, गिरमिट सहज फिरत होतं. ती नरम माती हाच तर सरांच्या इतक्या वर्षांच्या कामाचा पुरावा होता, आणि मल्लय्याला तो हाताला कळत होता. मला नाही कळला. मी घड्याळ बघत होतो. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, ‘खोली सहा इंच, क्रमानुसार’, आणि सही केली.

अर्ध्यावर म्हणजे नक्की किती? तीन इंच, की चार? नऊ प्लॉट, की दहा? मी आठवायचा खूप प्रयत्न करतो. कधीकधी वाटतं, आपण उगाच स्वतःला मोठा गुन्हेगार करतोय, फरक थोडासाच पडला असेल. कधी वाटतं, बाराच्या बाराही उथळच होते आणि मन आता हळूहळू त्यातले दोन-तीन सोडवून घेतंय.

आकडे आले तेव्हा सर खूश व्हायला हवे होते. त्यांच्या प्लॉटमधला कर्ब एका वर्षात भलताच चढला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “प्रभाकर, हे जास्त व्हायलंय रे.”

मी म्हटलं, “चांगलंच आहे की सर.”

“खुणेपर्यंत घेतलंस ना?”

“हौ सर.”

“क्रमाने?”

“हौ सर.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  मग म्हणाले, “मग ठीक आहे. पुन्हा करून बघू विश्लेषण.” त्याच पिशव्यांतली माती पुन्हा तपासली. आकडे तेच येणार होते, तेच आले. सरांना ते छापायचे नव्हते. तीन पिकं जाऊ देऊ, असं त्यांनी संचालकांना सांगून पाहिलं. पण संचालकांना परदेशी पाहुण्यांपुढे दाखवायला काहीतरी हवंच होतं. त्यांनी रंगीत पत्रक छापलं, त्यावर सरांचा फोटो आणि वर चढत गेलेली रेघ.

मला नोकरी मिळाली. निरोपाच्या दिवशी सरांनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना इराणी समोसे खाऊ घातले. म्हणाले, “नाही करमलं तर ये परत. गिरमिट तुझंच आहे.”

पुढच्या मे महिन्यात दुसऱ्याने नमुने घेतले. क्रमाने, खुणेपर्यंत. रेघ धाडकन खाली आली. लोक बोलायला लागले. संचालकांनी आधी पत्रक मागे घेतलं आणि मग स्वतःही मागे सरकले. चौकशी समिती बसली. गेल्या वर्षीच्या रजिस्टरवर माझी सही होती, म्हणून मलाही बोलावणं आलं. कंपनीच्या गाडीतून गेलो होतो. बाहेर बाकावर बसलो. मनाशी ठरवलं होतं, आत गेलो की सगळं सांगून टाकायचं. निदान आज मला तसं आठवतंय. तेव्हा खरंच ठरवलं होतं की काय, कोण जाणे.

दार अर्धवट उघडं होतं. सर आत बोलत होते. कुणीतरी विचारलं, “नमुने कोणी घेतले?”

सर म्हणाले, “मी होतो शेतात. माझ्यासमोर घेतलेत. काही चूक असेल तर माझी आहे.”

मी बाकावर बसून राहिलो. थोड्या वेळाने शिपाई आला, म्हणाला, “आप की जरूरत नहीं बोले साब.” मी उठलो आणि गाडीत जाऊन बसलो.

सर त्या दोन दिवसांत शेतात नव्हतेच. ते दवाखान्यात काकूंच्या उशाशी होते. गेली कित्येक वर्षं मी याच एका वाक्यापाशी अडकून पडलो आहे. ते खोटं का बोलले? उंबरठ्यावरच्या मातीवरसुद्धा खरी चिठ्ठी लावणारा माणूस. नमुन्यांची भोकं आठ-दहा दिवस जमिनीत तशीच राहतात. सर रोज संध्याकाळी प्लॉटमधून एक फेरी मारायचे. रजेवरून आल्यावर त्यांनी एखाद्या भोकात बोट घालून पाहिलं असेल का? पाहिलं असेल, तर आकडे छापू कसे दिले? आणि पाहिलं नसेल, तर समितीपुढे स्वतःवर का घेतलं? की प्रमुख या नात्याने जबाबदारी घ्यायची म्हणून नुसतं बोलायच्या ओघात बोलून गेले, आणि मीच त्यात एवढा अर्थ शोधत बसलो आहे? माझ्या बायकोचं म्हणणं असं की त्यांना माझ्या नव्या नोकरीची काळजी वाटली असेल. असेलही. पण माझ्या नोकरीसाठी स्वतःच्या हाताने आपलं नाव मातीत घालायचं, इतका मी त्यांचा कोण होतो? मला खरंच कळत नाही.

प्रयोग बंद झाला. चोवीस प्लॉटच्या खुंट्या उपटून शेत सरसकट नांगरलं आणि तिथे एका कंपनीच्या संकरित वाणांची प्रात्यक्षिकं सुरू झाली. ती माझी कंपनी नव्हती. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे, त्याने काही फरक पडत नाही. सरांना ग्रंथालयाचं काम दिलं. बढती राहिली. बसमध्ये त्यांच्या पाठीमागे कुणीतरी कुणाला तरी सांगायचं, “उन्हों नंबरां बढ़ाए बोलके हटाए.” हे मला जुन्या सहकाऱ्यांकडून कळायचं. तरी दोन वर्षं सर त्याच सीटवर बसून येत राहिले, आणि मग निवृत्त झाले.

आज मातीच्या आरोग्यावर सगळेच बोलतात. तरुण शास्त्रज्ञ मोठमोठ्या सभांमध्ये नेमकं हेच सांगतात: नांगरट कमी करा, कडबा जाळू नका, सोबत डाळीचं पीक घ्या. सरांचं कुठे नाव नाही. त्यांची मधली खरी वर्षंही त्या एका वर्षाबरोबर रद्दीत गेली. म्हणून इथे स्पष्ट लिहितो. त्या वर्षीचे नमुने मी घेतले होते. सर तिथे नव्हते. बारातले बहुतेक प्लॉट मी अर्ध्यावर सोडले, क्रम मोडला, रजिस्टरमध्ये खोटं लिहिलं आणि विचारल्यावर दोनदा ‘हौ’ म्हणालो. सरांनी एकही आकडा वाढवला नाही.

मी त्यांना शेवटचा भेटलो तो त्यांच्या अंबरपेठच्या घरी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मी वाक्य पाठ करून गेलो होतो. सर पुष्कळ वाळले होते, पण आवाज तोच. काकूंनी ताक दिलं. सरांनी माझी शुगर विचारली, मुलगा कुठे असतो ते विचारलं, वरचे भाडेकरू मोटर चालू ठेवून झोपतात म्हणून तक्रार केली. दोन तास गेले. प्रत्येक वेळी मी तोंड उघडायचो, तेवढ्यात काकू काहीतरी खायला आणायच्या. काकूंसमोर सांगायचं नव्हतं. की तेही निमित्तच होतं?

निघालो तर सर म्हणाले, “चल, स्टॉपपर्यंत येतो.” आभाळ भरून आलं होतं, मी छत्री आणली होती. ती त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि काठीसारखी टेकत चालायला लागले. स्टॉपवर गर्दी नव्हती. दोघंच उभे होतो. आता काकू नव्हत्या, ताक नव्हतं, काहीच नव्हतं.

सर रस्त्याकडे बघत म्हणाले, “तुला काही बोलायचं होतं का रे?”

बस लांबून येताना दिसत होती. पुरेसा वेळ होता. वाक्य तर एवढंसंच होतं.

“नाही सर,” मी म्हणालो. “असाच आलो होतो. काकूंना बघायला.”

“बरं केलंस,” ते म्हणाले.

बस थांबली. मी चढलो, आणि सर खालून कंडक्टरला सांगत होते, “साब को नल्लकुंटे पे आराम से उतारो भई.” मागच्या काचेतून पाहिलं तर ते स्टॉपवरच उभे होते, माझी छत्री हातात घेऊन. आठवड्याने काकूंचा फोन आला, “छत्री राहिलीय तुमची. हे म्हणतात, न्यायला या, बसू जरा निवांत.” येतो म्हणालो. पुढच्या रविवारी नक्की येतो म्हणालो. त्यानंतर त्या घरून फोन आला, तो अनघाचा होता.